ताईसाठी

"ताईसाठी केलं, त्याचं मला वाईट वाटत नाही," असं तुरुंगातला न्हावी पहिल्याच वर्षी खुर्चीवरच्या एका डोक्याला म्हणाला, आणि पुढची एकोणीस वर्षं म्हणतच राहिला.

जन्मठेपेचा कैदी तो. बाहेरही हाच धंदा, म्हणून आत आल्यावर हेच काम गळ्यात पडलं. सकाळी शिपाई वस्तरा आणि पाती मोजून द्यायचा, दुपारी मोजून परत घ्यायचा. मधल्या वेळात चाळीस डोकी. कुणाच्या डोक्यात खवडे, कुणाच्या मानेवर गजकर्ण, कुणाच्या कानामागे भिजल्या पिठासारखा मळ. शेवटी मोरी तुंबायची. बोटं घालून तो केसांचा गोळा ओढून काढायचा, साबणाने आणि थुंकीने बुळबुळीत झालेला. माणूस म्हणजे हेच, असं त्याचं मत झालं होतं. या सगळ्या घाणीत एकच गोष्ट स्वच्छ होती, त्याची स्वतःची.

"मेहुणा बहिणीला गुरासारखा मारायचा," फेस लावता लावता तो सुरू करायचा.

"आली ताई," रांगेतला म्हातारा कैदी म्हणायचा. "जपून रे, कुणी याला दाजी म्हणू नका. हातात वस्तरा आहे."

रांग हसायची. न्हावी हसत नसे. हसणाऱ्या तोंडांचा त्याला फार जुना तिटकारा होता.

विसाव्या वर्षी त्याच्या सुटकेचा कागद निघाला. त्यावर नातेवाइकाची सही हवी होती: हा सुटला तर आम्ही घरी ठेवून घेऊ. आईवडील गेलेले. उरली ताई. ती यायची त्या दिवशी त्याने स्वतःची दाढी दोनदा केली.

अधिकाऱ्याच्या खोलीत फिनेलचा वास होता. कागद ताईपुढे सरकवून अधिकारी शेजारच्या खोलीत गेला. दारात तेवढा शिपाई उरला.

"वाळलीस गं," न्हावी म्हणाला.

"तू मात्र बाळसं धरलंयस."

"आता येतो ना घरी. तुझ्यासाठी आत बसलो, आता तुझ्याजवळ बसेन."

ताईने पेन उचललं होतं, ते खाली ठेवलं.

"इथेही तेच सांगतोस?"

"काय?"

"ते मला मारायचे म्हणून."

"मारायचाच ना तो."

ताटात केस निघाल्यावर माणूस जसं बघतो तसं ती त्याच्याकडे बघत राहिली.

"त्यांनी कधी हात उगारला नाही माझ्यावर. तुला फाशी होईल म्हणून आईने माझे पाय धरले, म्हणून कोर्टात खोटं बोलले मी. तू पिंजऱ्यात उभा राहून ऐकत होतास. ठाऊक होतं तुला. अजून आहे ना ठाऊक?"

होतं. बाहेरच्या त्यांच्या दुकानात दोनच खुर्च्या, एक दाजींची, एक त्याची. गिऱ्हाईक म्हणालं, "राहू दे, मी थांबतो, दाजींकडेच बसेन." दाजी हसले. नुसते हसले. कदाचित त्या हसण्याला काही अर्थही नसेल. वस्तरा त्याच्या हातातच होता. पुढे रोज घासून घासून त्याने ताईचं खोटं इतकं गुळगुळीत केलं की खालचं ते हसणं दिसेनासं झालं.

"पोरगी बापाचं नाव काढू देत नाही," ताई म्हणाली. "भिंतीवरचा फोटो काढून माळ्यावर टाकला तिने. त्यांच्यासारख्या माणसाचा." तिचा आवाज चढला नाही. "बाहेर बसलीय. बोलावते. तिला खरं काय ते तुझ्या तोंडाने सांग. सांगितलंस की सही करते, ठेवून घेते, जेवायला घालते. नाहीतर राहा इथेच."

"तूच सांग की."

"सांगितलं. म्हणते, आई, तू अजून त्यांना घाबरतेस."

भाची आत आली. तो तुरुंगात आला तेव्हा ती रांगत होती. हनुवटी थेट बापाची. तिने येताच त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. नखांत सकाळचे केस अडकलेले होते, तिला त्याची किळस वाटली नाही.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही नसता तर आई आज नसती."

आणि ती हसली. दाजींसारखी.

ताईने पेन पुन्हा हातात घेतलं. न्हाव्याने तोंड उघडलं. सवयीने जिभेवर तेच वाक्य आलं, ताईसाठी, आणि तिथेच अडलं. मोरीतला तो गोळा घशाशी आल्यासारखं झालं, थंड, बुळबुळीत, इतक्या वर्षांचा. बोटं घालून तो ओढून काढायला हवा होता. दोघी वाट बघत होत्या.

त्याने हात सोडवून घेतला, सदऱ्याला पुसला, आणि शिपायाच्या बाजूने, बराकीकडच्या दाराने तो निघून गेला.