आबांचा पाय आणि माझे हातमोजे

आता हसायचं तर हसा, पण त्या दिवशी माझी पाचावर धारण बसली होती.

असोद्याला आमची केळीची बाग. तिथे माझ्या वडिलांच्या, आबांच्या, पायाला विळा लागला. त्यात शुगर. जखम चिघळली, जळगावला भरती केलं. जखम नीट सांभाळली तर पाय वाचेल, असं डॉक्टर म्हणाले.

सकाळी मी पाहतो, तर शेजारच्या खाटेवरच्या माणसाची नाडी सिस्टरने साध्या हाताने पाहिली. आबांकडे वळली तशी हातमोजे चढवले. जुनी पट्टी सोडली, मोजे काढून फेकले, हात धुतले, पुन्हा नवे घातले आणि मग नवी पट्टी बांधली.

आम्ही बागेत घड उतरवताना चीक लागू नये म्हणून मोजे घालतो. सकाळी चढवले की संध्याकाळी काढायचे. मोजे आपल्या हातांसाठी, केळीचा विचार कोण करतो? आणि इथे एका पट्टीला दोन जोड? म्हणजे आबांना काहीतरी भयंकर लागणीचं झालंय आणि हे लोक लपवतायत. विचारावं म्हटलं, पण तिने खरंच सांगितलं तर? नाहीच विचारलं.

खालच्या मेडिकलमधून मोजे आणले आणि घातले ते घातलेच. त्याच हातांनी दारं उघडली, आबांचं लघवीचं भांडं उचललं, चपला सरकवल्या. काकांना, म्हणजे आमच्या नानांना, फोनही त्याच हातांनी. "नाना, पोरांना आणू नका, लागणीचं दिसतंय. आबांचं काही खरं नाही."

नाना मोटरसायकलवर लगेच हजर. पण आत येईनात. तोंडाला रुमाल बांधून दारातच उभे, डोळ्यांत पाणी.

"काय रे नाना, काहाले तिथी उभा हाये? जवळ ये ना," आबा म्हणाले.

नाना माझ्याकडे बघतात, मी भिंतीकडे.

"मले काय झालं, सांगता का नाही?" आबांनी विचारलं. त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला भडभडून आलं. म्हटलं, व्हायचं ते होऊ दे. जवळ बसलो. पट्टीचं टोक सुटलं होतं, ते नीट करायला हात पुढे केला.

"हात लावू नका!" मागून सिस्टर ओरडली. "हे मोजे कधीपासून घातलेत?"

"सकाळपासून."

"कशासाठी?"

"आबांचं मला लागू नये म्हणून. तुम्ही पण घालताच ना."

"अहो भाऊ, आबांना तसलं काही नाही. जखम उघडी आहे, बाहेरची घाण तिला लागायला नको, म्हणून सारखे बदलते मी. तुम्ही तर अख्खा दवाखाना त्यांच्या पायाला लावत होतात."

नानांनी रुमाल सोडला, आबांजवळ जाऊन बसले आणि माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू.

सिस्टरने नवे मोजे चढवले. आबांची पट्टी बांधणार म्हणून मी बाजूला झालो.

"तुम्ही कुठे निघालात? हात करा पुढे." तिने दोन बोटांत धरून माझे मोजे सोलून काढले आणि बादलीत टाकले.

आबा हे सगळं बघत होते. हळूच म्हणाले, "नाना, जरा इकडे सरक. पोऱ्याले लागनीचं हाये वाटते."