चौसष्टांतला एक

ऑफिसात त्याला सगळे वेगोबा म्हणत. चहाचा कप संपवायला अर्धी सकाळ घेणारा माणूस, पण काम वेगाचं. चिपचे नकाशे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी कॉम्प्युटर निवडण्याचं. चिप नखाएवढी, पोटात मात्र तारांचं अख्खं शहर. जुन्या कॉम्प्युटरला ते तपासताना धाप लागे. यंदाचा नकाशा शुक्रवारी कारखान्यात पोचला नाही तर चिप बनवून घ्यायचा नंबर हुकणार होता, आणि साहेबांनी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं, "मग तुम्ही दुसरीकडे बघा."

वेगोबाने चौसष्ट कोअरचं धूड आणवलं. कोअर म्हणजे यंत्राच्या पोटातले कामकरी. कामकरी जास्त, काम झटपट, असा त्याचा सरळ हिशेब. विकणाऱ्याने स्वतःचीच चाचणी लावली, ती भुर्रकन संपली. आपलं काम लावून बघावं, हे वेगोबाला सुचलं नाही. दुकानदाराच्या फुटपट्टीवर कापड घेतलं म्हणायचं.

काचेच्या खोलीत निळे दिवे लुकलुकू लागले. साहेब पाहुण्यांना दाखवत. काम मात्र रडतखडत.

बुधवारी संध्याकाळी वेगोबा तोंड पाडून घरी आला आणि सोफ्यावर वडील, मेव्हणा, मुलगा यांच्या रांगेत बसला. "झालं का गं?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "राबणारी एक, आणि चौघं वाट बघून दमले!"

"सूनबाई, आम्ही तयारच आहोत की," वडील म्हणाले.

"तयार राहण्यात तुमचा हात कोण धरणार, बाबा!"

वेगोबा ताडकन उठला. बायकोला वाटलं, आला मदतीला. त्याने चपला चढवल्या आणि ऑफिस गाठलं.

पडद्यावर हुबेहूब त्याचंच घर! एक कोअर घामाघूम, बाकीचे हातावर हात धरून. एका तारेचं उत्तर आल्याशिवाय पुढची तपासता येत नव्हती. त्यात एवढी गर्दी एकत्र बसवलेली, म्हणून एकेकटा जरा सुस्तच.

जाहिरातीची चित्रं काढणाऱ्या बाईंच्या टेबलाखाली आठच कोअरचा, पण चलाख कॉम्प्युटर होता. वेगोबाने तो मागून घेतला, मेमरी वाढवली, आणि या खेपेला आधी आपल्याच कामाचा तुकडा लावून पाहिला. शुक्रवारी ऑफिस बंद होता होता नकाशा गेला.

"बघितलंत? चौसष्ट कोअर!" साहेबांनी पाहुण्यांना काच दाखवली. वेगोबाने तोंड उघडलं, नोकरी आठवली, मिटलं.

घरी बायकोला त्याने सगळं सांगितलं. "तुझ्यामुळेच सुचलं बघ!"

"मग आता?"

"आता काय," वेगोबा सोफ्यावर टेकत म्हणाला, "झालं का गं?"