अळंब्यांचा माळा

साझावा नदीकाठच्या आमच्या वसाहतीत सुट्टीची घरं सगळ्यांनी स्वतःच्याच हातांनी बांधली, पण कायद्याला पेखाइतकं कोणी बनवलं नाही. व्हेंडेलिन पेखा प्रागच्या ट्राम डेपोत सुतार होता. भंगारात निघालेल्या ट्रामचं घडीचं दार त्याने घराला बसवलं, खिडक्याही ट्रामच्याच. पाहुणा आत शिरला की हा म्हणे, "पुढे सरका, पुढे सरका." हा विनोद मी पन्नास वर्षं ऐकतेय.

त्या काळी सुट्टीच्या घराला सरकार जागा मोजूनमापून देई. छत बुटकं असलं तर मात्र तो माळा, खोली नव्हे, आणि माळा मोजणीत धरत नसत. म्हणून पेखाने वरची खोली इतकी बुटकी केली की तिथे ताठ चालावं ते त्याच्या मांजरानेच. कागदावर लिहिलं, 'अळंबी वाळवण्याची जागा'. तपासनीस आला की नवरा-बायको गाद्या गुंडाळत आणि अळंब्यांच्या माळा टांगत. मधल्या तुळईवर सगळ्यांची डोकी आपटत, म्हणून त्याच्या बायकोने, लिबुशेने, तिथे जुन्या गोधडीचा तुकडा ठोकला. शिवाय वर जाणाऱ्याला ती खालून ओरडे, "डोकं!"

लिबुशे गेली तेव्हा पेखाने प्रागचं घर नातीला दिलं आणि इथेच कायमचं राहायचं ठरवलं. आता त्यासाठी वरची खोली राहती आहे असं दाखवणं भाग होतं. अर्ज मीच लिहून दिला. तपासणीच्या दिवशी त्याने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला.

फाटकाशी अनोळखी गाडी थांबली मात्र, आणि हा बाबा जिन्यावरून वर पळाला. तपासायला आलेल्या कुचेरोवाबाईंना घेऊन मी वर गेले, तर गादी गुंडाळलेली आणि माळाभर अळंबी टांगलेली.

"इथे कोण राहतं?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही," पेखा वाकल्या वाकल्या छाती काढून म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. बाईंचं लक्ष कोपऱ्यातल्या गुंडाळीकडे गेलं. "मग अळंब्यांना दोन उशा कशाला?"

"त्यांची मान आखडते."

"अरे शहाण्या," मी म्हटलं, "राहतोस असंच सांगायचं होतं ना आज!"

त्याचा चेहरा पडला. "सवय गं," तो पुटपुटला.

बाई हसत सुटल्या आणि वळताना तुळईवर आपटल्या. गोधडी होती म्हणून निभावलं. "पेखासाहेब, खरं सांगितलं असतंत तरी एवढ्या बुटक्या खोलीला परवानगी मिळाली नसती. छत उचला, मग मला बोलवा."

उन्हाळ्यात छत उचलायला अख्खी वसाहत धावली. म्हणजे तिघं कामाला आणि उरलेले बिअर घेऊन अक्कल शिकवायला. तुळई निघाली, खोली उंच झाली, परवानगीही आली. ट्रामचं दार तेवढं तसंच राहिलं.

परवा मी वर गेले होते. पेखा पलंगाकडे निघाला, खोलीच्या मधोमध वाकला आणि पुढे जाऊन सरळ झाला.

"आता कशाला वाकतोस? तुळई आहे कुठे?"

"नाहीये, माहीत आहे मला," तो म्हणाला. "पण नाही वाकलो तर लिबुशे ओरडेल."

पलंगावर उशा दोनच होत्या. परत निघाले तेव्हा त्या जागी मीही वाकले.