भोंगा वाजत होता तेव्हा

भोंगाच्या पहिल्या कार्यक्रमाला आम्ही एकोणीस माणसं होतो. हे पक्कं आठवतं, कारण खुर्च्या वीस मागवल्या होत्या आणि विसाव्या खुर्चीवर ॲम्प्लिफायर ठेवला होता. आता मात्र "मी होतो की तिथं" असं सांगणारे निदान पन्नास जण मला भेटले आहेत. त्यातल्या दोघांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. माझी काही तक्रार नाही. खोटं सांगणाऱ्यांकडेही एखादा खरा किस्सा निघतो.

भोंगा हा आमच्या सोलापूरचा बँड. गिटार आणि गाणं व्यंकीचं, ड्रमवर मल्लू. बाकी कुणी फार टिकलं नाही. ते वाजवायचे त्या प्रकाराला शूगेझ म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. गिटारच्या आवाजावर आवाज चढवून भिंत उभी करायची, त्या भिंतीमागं कुठंतरी गायचं, आणि सगळा वेळ खाली, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाजवळच्या पेडलांकडे बघत राहायचं. बुटांकडे बघत वाजवतात म्हणून शूगेझ. व्यंकी स्लिपर घालून वाजवायचा.

आज पुण्या-बंगळुरातले तरुण बँड "आम्ही भोंगा ऐकून सुरुवात केली" असं सांगतात. भोंगाची जुनी गाणी नव्यानं निघताहेत. सोबत एक पुस्तिका असणार आहे. ती तयार करणारी ऋचा पुण्याहून आली होती. "सर, सुरुवातीच्या शोजचे किस्से लिहून द्या," म्हणाली.

किस्से पुष्कळ आहेत. एकच मला निम्मा माहीत होता, आणि तो माझाच होता. तिसऱ्या कार्यक्रमात आवाज अगदी टिपेला असताना शेजारी उभी असलेली मुलगी माझ्याकडे वळून काहीतरी बोलली. मला अक्षर ऐकू आलं नाही. मी मान हलवून हो म्हटलं. पुढं त्या मुलीशी, पद्माशी, माझं लग्न झालं. "तू त्या दिवशी काय म्हणाली होतीस?" असं मी वीसेक वर्षं विचारत राहिलो. तिचं उत्तर ठरलेलं असे. "तू हो म्हणालास की. मग आता कशाला?" घराला रंग कोणता द्यायचा इथपासून सगळे वाद शेवटी त्या वाक्यावर मिटत, म्हणजे तिच्या बाजूनं मिटत. ती काय म्हणाली असेल याची काही सुंदर वाक्यं मी मनाशी जुळवून ठेवली होती. त्यातलं कोणतं बरोबर, ते तिच्याकडून काढून घ्यायचं राहिलं. पद्मा जाऊन दीड वर्ष झालं.

बाकीचे किस्से आधी सांगतो.

*

पहिला कार्यक्रम व्यंकीच्या वडिलांच्या टॉवेलच्या कारखान्यात झाला, साखर पेठेत. सुट्टीचा दिवस, माग बंद. आम्हाला धास्ती शेजाऱ्यांची. पहिलं गाणं अकरा मिनिटं चाललं. पत्रे थरथरत होते, तरी कुणी आलं नाही. गाणं संपलं, आम्ही टाळ्या वाजवतोय तोवर शेजारची बाई दारात हजर. कडेवर रडणारं पोर.

व्यंकीनं गिटार सांभाळत हात जोडले. "काकू, पंधरा मिनिटांत आवरतो."

"आवरू नगा की," बाई म्हणाली. "माग बंद म्हणून सकाळपासनं पोर झोपेना. तुमी चालू केलं तवा डोळा लागला त्याचा. बंद केलं की उठलं बघा."

व्यंकीनं तिथल्या तिथं दुसरं गाणं सुरू केलं. "मधी थांबायचं न्हाय" असं बजावून बाई गेली. तेव्हापासून भोंगा दोन गाण्यांच्या मध्ये थांबत नाही.

यावर पुण्याच्या एका समीक्षकानं पुस्तिकेत तीन पानं लिहिली आहेत.

*

दुसरा कार्यक्रम एका वाचनालयाच्या सभागृहात. हे वाचनालय अशा गोष्टींना जागा देत नसे, पण अर्जात व्यंकीनं 'वाद्यसंगीत' असं लिहिलं होतं. त्यामुळे पहिल्या दोन रांगांत पेन्शनर मंडळी शाल पांघरून बसलेली.

व्यंकी मान खाली घालून वाजवतोय. पाच मिनिटं झाली, सात झाली, मान वर नाही. मधूनच पाय पुढं करून एक पेडल दाबतो, पुन्हा खाली बघतो. पहिल्या रांगेतले एक काका बराच वेळ अस्वस्थ होते. शेवटी ते उठले, मंचावर चढले आणि व्यंकीशेजारी उकिडवे बसून त्याच्या पायाजवळ चाचपू लागले. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन काही विचारलं. व्यंकीनं नुसती मान हलवली. काकांनी खाली दुसऱ्या एकाला खूण केली, तोही चढला. दोघांनी मिळून सतरंजीचं एक टोक उचलून पाहिलं.

गाणं संपल्यावर काका हात झटकत म्हणाले, "अंगठी असेल तर सकाळी झाडताना सापडेल. तुम्ही काळजी करू नका. वाजवा."

*

श्रीपूरचा किस्सा मल्लू सांगतो, पण तो स्वतःला फार शूर दाखवतो म्हणून मी सांगतो.

गणपतीत तिथल्या साखर कारखान्याच्या कामगार वसाहतीतून बोलावणं आलं. मंडळाला वाटलं होतं, सोलापूरचा ऑर्केस्ट्रा आहे. भोंगानं संध्याकाळी सहाला सुरुवात केली. सगळी वसाहत खुर्च्या मांडून बसलेली, लहान मुलं पुढं. चाळीस मिनिटं न थांबता वाजवलं. लोक शांत. कुणी उठलं नाही, कुणी ओरडलं नाही. मल्लूच्या डोळ्यांत पाणी आलं. असे श्रोते सोलापुरात मिळाले नव्हते.

शेवटचा सूर विरला. निवेदक माइकजवळ आले आणि म्हणाले, "मंडळी, आपण फार संयम दाखवलात. मशीनचं काम झालेलं दिसतंय. आता कलाकारांना विनंती करतो, त्यांनी कार्यक्रमाला सुरुवात करावी."

त्यावर मागच्या रांगेतून एक फिटर उठून म्हणाला, "झालेलं न्हाय ओ. बेअरिंगचा आवाज अजून येतोय."

*

व्यंकी नेमकं काय गातो, हे वर्षभर कुणालाही माहीत नव्हतं. आवाजाच्या ढिगाऱ्याखालून एक लांबलचक आर्त स्वर यायचा, एवढंच. आमच्यातले काही म्हणायचे, आईवर आहे. काही म्हणायचे, प्रेमभंग. यावर कॅन्टीनमध्ये भांडणं झाली.

सलीम हा आमचा इलेक्ट्रिशियन. व्यंकीची पेडलं त्यानं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांतून बनवली होती, आणि प्रत्येक कार्यक्रमाला तो डब्यांचा पालक म्हणून पुढं उभा असायचा. तेव्हा भारनियमन होतं. एका दुपारी ऐन गाण्यात लाईट गेली. गिटार मेली, ॲम्प्लिफायर मेला. मल्लू दोन ठोके देऊन थांबला. व्यंकीचे डोळे मिटलेले, त्याला पत्ता नाही. भर शांततेत तो एकटा गात राहिला:

"रामा... अंजिरी... चिंतामणी... मोरपंखी... डाळिंबी..."

सुताच्या शेड कार्डावरचे रंग. लहानपणी वडील त्याच्याकडून पाठ करून घ्यायचे. दुसरं काही त्याला येत नव्हतं.

सलीमनं मागं वळून आमच्याकडे पाहिलं, मग व्यंकीकडे.

"अरे मियाँ," तो म्हणाला, "इत्ते दिनां से तू गा रा था क्या?"

*

भोंगाच्या आवाजात कुणाशी बोलणं अशक्य होतं. याला अपवाद पद्माच्या आईचा. त्यांना सगळे अम्मा म्हणतात.

आमचं लग्न ठरल्यावर अम्मा एकदा शेजारणीला घेऊन कार्यक्रमाला आल्या. गर्दीत दोघींना दोन टोकांना जागा मिळाली. व्यंकी भिंत उभी करत होता, खऱ्या भिंतीच्या चुन्याच्या पापड्या पडत होत्या, आणि या दोघी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निवांत तेलुगूत गप्पा मारत होत्या. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. दोघींचं आयुष्य मागांमध्ये गेलेलं. तिथं कानाला काही कळत नाही, समोरच्याच्या ओठांवरूनच समजून घ्यायचं.

मी पद्माला खुणेनं विचारलं, काय चाललंय? तिनं तिकिटाच्या मागं लिहून दाखवलं. "शेजारीण म्हणतीय, नवरदेव उभा कसा राहतो बघ, चार माणसांची जागा अडवून. अम्मा म्हणतीय, राहू दे, नोकरी पक्की आहे."

पद्माचीही तीच सवय. लहानपण मागांच्या खटखटीत गेल्यामुळे गोंगाटात आवाज चढवावा हे तिला सुचायचंच नाही. घरात मिक्सर चालू असला तरी ती नुसते ओठ हलवायची आणि समोरच्याला कळलं असं धरून चालायची. मी हो म्हणायचो.

*

तिसरा कार्यक्रम मंगल कार्यालयात झाला. त्या कार्यक्रमाचं व्हिडिओ शूटिंग आहे हे ऐकून लोक चकित होतात. ज्यांनी ते पाहिलं आहे, ते गप्प राहतात.

शिवा हा लग्नाचे व्हिडिओ काढणारा. कार्यालयातच त्याचं बस्तान होतं. त्या दुपारी मुहूर्त नव्हता, म्हणून मल्लूनं त्याला पटवलं. दोन तासांची टेप. तीत भोंगा जेमतेम चार मिनिटं. उरलेला वेळ शिवानं रांगेनं प्रेक्षकांची तोंडं घेतली आहेत, सावकाश, एकेक करून, आणि नंतर एडिटिंगमध्ये त्यांना फिरते बदाम आणि गुलाबाची फुलं जोडली आहेत. आवाजाचं म्हणाल तर कॅमेऱ्याचा माइक पहिल्याच मिनिटाला बसला. नुसती खरखर.

व्यंकी त्याच्यावर भडकला. "शिवा, बँड कुटाय?"

"बँड काय ओ, बँड सगळ्या लग्नात असतोय," शिवा म्हणाला. "पाव्हण्यांचं तोंड आलं न्हाय तर उद्या घरी येऊन भांडतात."

मला त्या भांडणात पडायला, की ती टेप पाहायला, सवड नव्हती. पद्माला त्या कार्यक्रमातच चप्पल चावली होती, ती लंगडत होती, आणि माझ्याकडे लूना होती. अशोक चौकापर्यंत सोडतो म्हणालो. दुसऱ्या दिवशीही लंगडत होती, मग दुसऱ्या दिवशीही सोडलं. असे पंधरा दिवस. माझ्या आयुष्यात मी दाखवलेली समयसूचकता तेवढीच, आणि तिचा मला अजून अभिमान आहे.

*

गेल्या महिन्यात ऋचानं शिवाच्या माळ्यावरून ती टेप मिळवली आणि लॅपटॉपवर घेऊन घरी आली. "सर, ऑडिओ पूर्ण गेलाय," ती म्हणाली. "पुस्तिकेसाठी फोटो तेवढे निघतील."

आम्ही पाहू लागलो. भरपूर केस असलेला सलीम आला. एका गुलाबातून मी आलो. मग एक बदाम फिरत फिरत उघडला आणि त्यात पद्मा. बावीस वर्षांची, दोन वेण्या. तिनं मान वळवली, शेजारी माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलली. मी मोठ्या उत्साहानं मान हलवली.

मी ऋचाला ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ती काही न विचारता आपणहून मागं गेली.

अम्मा आता माझ्याकडेच असतात. आत मेथी निवडत होत्या. त्यांना हाक मारायला मला थोडा वेळ लागला. जुळवून ठेवलेली वाक्यं चांगली होती, आणि इतकी वर्षं त्यांनी साथ दिली होती. पण मग मारली हाक.

अम्मा हात पुसत आल्या, चष्मा लावून समोर बसल्या. लेकीचे ओठ हलले तसे त्यांचेही जरा हलले.

"परत लाव गं," त्या ऋचाला म्हणाल्या.

ऋचानं लावलं. अम्मांनी पुढं वाकून पाहिलं आणि एकदम पदर तोंडाला लावला. मला वाटलं, उगाच बोलावलं. मग लक्षात आलं, त्या हसत होत्या. खांदे हलेपर्यंत हसत होत्या. दीड वर्षात मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"अम्मा, काय म्हणतीय ती?"

"म्हणतीय," त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, "'ओ, तुमचा पाय माझ्या पायावर हाय.'"

"आणि मी?"

"तुमी हो म्हणताय."

ऋचानं टेप तशीच पुढं जाऊ दिली. पडद्यावर खरखर चालू होती. बदाम अजून मिटला नव्हता.

"आणि मग?" मी विचारलं.

अम्मांनी चष्मा पुन्हा लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"मग काय," त्या म्हणाल्या. "गाणं संपेपर्यंत दोघंबी उभेच की."