हिरव्या तोंडाची आई

रंगांच्या बाबतीत माझ्या मामेबहिणीइतकी बेभरवशाची व्यक्ती अख्ख्या पुण्यात सापडायची नाही. ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. म्हणजे प्रकाशक तिला गोष्ट देतात आणि ती भलतंच काहीतरी काढते. शाळेत जाणाऱ्या उंदराच्या गोष्टीत तिनं शाळेला चाकं लावली, मास्तरांना शेपूट दिलं आणि उंदीर काढायचा राहूनच गेला. प्रकाशकांचा फोन आला तेव्हा ही शांतपणे म्हणाली, "तो आलाच नाही हो. मी दुपारपर्यंत वाट बघितली." आधी कच्चं रेखाटन करणं तिला अपमानास्पद वाटतं. कागद पुढे ओढायचा, डोळे अर्धवट मिटायचे आणि हाताला लागेल त्यात ब्रश बुडवायचा, ही तिची पद्धत. हडपसरला तिच्या घरी एकदा तो माझ्या चहात बुडाला. मी अर्धा कप संपवल्यावर म्हणाली, "पिऊ नकोस हं. पण रंग काय सुरेख आलाय बघ!"

माझ्या वडिलांना हे मुळीच मंजूर नव्हतं. त्यांची सगळी नोकरी इमारतींचे नकाशे काढण्यात गेली. पट्टीशिवाय मारलेल्या रेघेला ते रेघ म्हणत नाहीत. कसब्यातल्या आमच्या घरी ती आली की जुगलबंदी ठरलेली.

"हा बैल निळा का?"

"सकाळपासून निळाच येतोय, काका."

"मग डॉक्टरला दाखव."

आई मधे पडायची. "माझ्या भाचीला काही बोलायचं नाही. तुम्ही पेपर वाचा."

आई गेल्यावर ही बोलणी थांबली. वडील दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. मग एक दिवस त्यांनीच माझ्या या बहिणीला बोलावून घेतलं. "तुझ्या आत्याचं चित्र काढ. फोटोत ती कायम घाबरलेली दिसते. पण माणसासारखं काढ."

बिचारीनं आयुष्यात पहिल्यांदा पेन्सिलीनं रेखाटन केलं. खोडलं, फाडलं, पुन्हा केलं. शेवटी मला फोन करून रडायला लागली. "नाक जमतंय रे, आत्या येत नाहीये."

"मग तुझ्या पद्धतीनं काढ," मी म्हणालो, आणि फोन ठेवताक्षणी पस्तावलो.

चित्र आलं. त्यात आईचं तोंड हिरवंगार होतं, केसांत मासे, उंची पर्वतीएवढी. भाजीच्या पिशवीतून चंद्र डोकावत होता आणि ती कसब्यातल्या गच्च्यांवरून तरातरा निघाली होती. वडील आता काय बोलतील या धास्तीनं मी भिंतीकडे बघत बसलो. बहीण तर चपला न काढता दारातच उभी होती.

वडिलांनी बराच वेळ चित्र बघितलं. "अशीच चालायची," ते म्हणाले. "मंडईत मी मागून हाका मारतोय आणि ही आपली पुढे." मग बहिणीकडे वळले. "तू आत ये. बस."

चित्र आता बाहेरच्या खोलीत आहे. एखादा पाहुणा चाचरत विचारतो, "हे नक्की काय आहे?"

"आमचं कुटुंब," वडील म्हणतात. "डोळे नाहीत का तुम्हाला?"

गेल्या महिन्यात बहीण आली, तेव्हा त्यांनी तिला हाताला धरून चित्रापाशी नेलं. "इथं गच्चीवर मला काढशील?"

"काढते की. कुठल्या रंगात?"

"ते तुझं तू बघ." ते जरा घुटमळले. "फक्त फार मागे नको ठेवूस."