युक्रेनवर आणि युक्रेनमध्ये

मी रशियन भाषा पुण्यात शिकले, कडक शिस्तीच्या एका बाईंकडे. त्यांचे नियम मी क्रमांक घालून वहीत लिहिले आणि ती वही माझ्याबरोबर कुवेतला आली. शुऐबा या तिथल्या औद्योगिक भागातल्या कंपनीत रशियन यंत्रांची माहितीपत्रकं इंग्रजीत आणताना तिचा उपयोगही झाला. मधल्या काळात काही नियम सैल झाले. रशियनमध्ये कॉफी पुल्लिंगी. आता बोलताना नपुंसकलिंगीही चालते, असं नवे शब्दकोश म्हणतात. मी ते वहीत नोंदवलं आणि पुल्लिंगच वापरत राहिले.

महबूला या वस्तीत मी राहते, तिथे आमच्याच मजल्यावर युक्रेनमधल्या खारकीवची एक नर्स राहते. रशियाशी युद्ध सुरू झाल्यावर तिने मुलीशी रशियन बोलणं सोडलं. मुलगी बारा वर्षांची, रशियन विसरत चाललेली, काहीही विचारा, उत्तर इंग्रजीत. आजी तिकडेच, घर सोडायला तयार नाही, आणि तिला धड बोलता येतं ते रशियनच.

एक दिवस नर्स दारात आली. "मुलीसाठी ती भाषा माझ्या तोंडून निघत नाही. पण आई थकली आहे. दोघींनी बोलायला हवं. तुम्ही शिकवाल?" हेही ती रशियनमध्येच म्हणाली, आम्हा दोघींना सोयीची तेवढी एकच भाषा.

शुक्रवारी सकाळी तास सुरू झाले. तिसऱ्या तासाला मुलीने लिहिलं, 'आजी युक्रेनमध्ये राहते.' रशियनमध्ये 'मध्ये'साठी 'व' आणि 'वर'साठी 'ना'. बहुतेक देशांना 'व' लागतो. युक्रेनला मात्र 'ना', असं बाईंनी शिकवलं होतं. आपण नाही का, कोकणात म्हणतो पण घाटावर म्हणतो, तसं. मी 'व' लाल शाईने खोडून 'ना' लिहिलं.

संध्याकाळी नर्स मुलीची वही घेऊन आली. "हे काय आहे?"

"जुना नियम आहे. यात राजकारण नाही."

"माणसं देशात राहतात. 'वर' राहतात ती दुसऱ्याच्या मुलखाच्या तुकड्यावर. स्वतंत्र झाल्यापासून आम्ही हेच सांगतोय." तिने वही मिटली. "यासाठी नव्हतं मी तिला पाठवलं."

तास थांबले. मी शोधाशोध केली. रशियात छापलेल्या पुस्तकांत बहुधा 'ना', युक्रेनमधल्या रशियन मजकुरात 'व'. दोन्हीकडे व्याकरण जाणणारी माणसं होती. निवाडा कुठेच मिळेना.

ऑफिसात रत्नागिरीकडचे एक सहकारी आहेत, त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, आम्ही तुम्हाला घाटी म्हटलं तर राग येतो?"

"येतो."

"आणि नुसतं 'घाटावरच्या' म्हटलं तर?"

"नाही येत."

"कारण तुमचं पुणं जागेवर आहे. त्या बाईचं घर उद्या असेल की नाही, तिला ठाऊक नाही. आणि तुम्ही तिला प्रत्यय शिकवताय!"

मी त्याच दिवशी नर्सकडे गेले. "मुलीचं वाक्य बरोबर होतं. मी चुकीचं खोडलं."

"मला नको. तिला सांगा."

मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "बट यू सेड इट्स अ रूल."

"म्हटलं होतं. चुकले."

तास पुन्हा सुरू झाले, आता त्यांच्या घरी. हिवाळ्यात एका शुक्रवारी मुलीने माझ्यासमोर आजीला फोन लावला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आजी मोठ्याने म्हणाली, "आमच्याकडे युक्रेनवर यंदा फार थंडी." तिने 'ना'च म्हटलं होतं, जन्मभर म्हणत आली तसं. मुलीने फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या आईकडे पाहिलं.

"आजीची चूक काढायची नाही," आई मोडक्या इंग्रजीत हळू आवाजात म्हणाली.

मुलीने हात काढला आणि शब्द जुळवत विचारलं, "आजी, युक्रेनमध्ये बर्फ पडला?" 'व' स्पष्ट ऐकू आला. मग आजी बोलत सुटली. बर्फ कुठपर्यंत साचला ते सांगताना तिने एक शब्द वापरला, तो मुलीला कळेना. मी सांगणार, तेवढ्यात आई पुढे आली, तिने मुलीच्या गुडघ्याला हात लावला आणि तो शब्द रशियनमध्ये पुन्हा उच्चारला.