खाली धरलेला हात

उंच माणसाने हात खाली धरलेला दिसला की मला अजून कसंतरी होतं.

आमच्या कॉलेजात बास्केटबॉलच्या सामन्याआधी मैदानावर नारळ फोडायचे. नायजेरियाहून शिकायला आलेला सॅम्युअल आमचा सगळ्यात चांगला खेळाडू. कुंपणापलीकडची पोरं त्याला बघून माकडासारखे आवाज काढायची, आणि तो खाली बसून बुटांच्या नाड्या पुन्हा बांधायचा. आमचे सर खोबऱ्याचा तुकडा प्रत्येकाच्या तळहातावर ठेवायचे. सॅम्युअलच्या हातात तो वीतभर वरून टाकायचे.

"सर, नीट द्या ना त्याला," मी एकदा म्हणालो.

"अरे, दिलं की!" सर हसले.

जिंकल्यावर त्याला खांद्यावर घेताना मात्र कुणालाच शिवाशिव आठवायची नाही.

पुढच्या वर्षी खोबरं वाटायचं काम माझ्याकडे आलं. आपण हाताला हात लावूनच द्यायचं, असं मी घरून ठरवून आलो होतो. मी जवळ जाताच सॅम्युअलने हात खाली नेला. मी वाकलो, तसा त्याने आणखी खाली नेला. रिंगला लटकणारा तो हात आता गुडघ्याशी आला होता. सगळे बघत होते. शिट्टी वाजली.

मी तुकडा वरून सोडला. त्याने तो सवयीने झेलला.